व्हिलावुडचे हॉस्टेल आणि व्हिलावुडचे स्थानबद्धता केंद्र: एका नावाखालच्या दोन संस्था

सिडनीच्या पश्चिम भागातील व्हिलावुड या उपनगराचे नाव आज कोणी घेतले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कुंपणाआडचे स्थानबद्धता केंद्र उभे राहते. ज्यांचे आईवडील १९५० आणि १९६०च्या दशकांत युरोपातून तेथे येऊन उतरले, त्यांना मात्र त्याच नावाने अर्धगोल पत्र्याच्या घरांची रांग आणि सामायिक भोजनगृह आठवते. उपनगराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण हीच असते, कारण दोन्ही संस्था एकाच परिसरात होत्या, दोन्ही सरकारच्या इमिग्रेशन खात्याशी जोडलेल्या होत्या, आणि मराठीत तर आपण दोहोंना सहज ‘छावणी’ म्हणून मोकळे होतो. उल्हासनगरात अजूनही ‘कॅम्प नंबर चार’ असा पत्ता सांगितला जातो. त्या शब्दात आसरा आहे की बंदिवास, हे शब्दावरून कळत नाही. येथे ते कळणे आवश्यक आहे.

हॉस्टेल आधीचे. दुसऱ्या महायुद्धात या भागात दारूगोळ्याचा कारखाना होता आणि लेटनफिल्ड हे रेल्वे स्थानक त्याची आठवण आजही जपून आहे. युद्ध संपल्यावर मनुष्यबळ वाढवण्यासाठी ऑस्ट्रेलियाने १९४५ मध्ये स्वतंत्र इमिग्रेशन खाते निर्माण केले, जहाजे भरभरून माणसे येऊ लागली, आणि घरांची तीव्र टंचाई असल्यामुळे त्यांची तात्पुरती सोय म्हणून १९४९ मध्ये येथे आप्रवाशांचे हॉस्टेल सुरू झाले. निवाऱ्यासाठी निसेन झोपड्या होत्या, म्हणजे पन्हळी पत्रा कमानीसारखा वाकवून उभे केलेले लष्करी पद्धतीचे निवारे, जे उन्हाळ्यात आतून भट्टीसारखे तापत. एका निवाऱ्यात आडभिंत घालून एकाहून अधिक कुटुंबे राहत. न्हाणीघरे, संडास आणि कपडे धुण्याची जागा सामायिक असे. चाळीत वाढलेल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल, मात्र एक मोठा फरक होता: स्वतःची चूल नव्हती. सगळ्यांनी भोजनगृहातच जेवायचे, आणि जुन्या रहिवाशांच्या आठवणींत तेथील मटणाची तक्रार वारंवार येते. राहण्याजेवण्याचे पैसे मिळकतीतून द्यावे लागत; त्या दरांत वाढ झाली तेव्हा १९५२ मध्ये ब्रिटिश आप्रवाशांनी निरनिराळ्या हॉस्टेलांत पैसे देण्यास नकार दिला होता. तरीही फाटक उघडे होते. माणसे सकाळी कारखान्यात कामाला जात, मुले शाळेत जात, आणि घर मिळाले की कुटुंब निघून जाई. डच तरुण हॅरी वांडा आणि स्कॉटिश तरुण जॉर्ज यंग यांची भेट याच हॉस्टेलमध्ये झाली आणि १९६४ मध्ये ‘ईझीबीट्स’ हा रॉक बँड उभा राहिला. हॉस्टेल ही पुढे जाण्याची जागा होती, हे या उदाहरणाइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

स्थानबद्धता केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. व्हिसाची मुदत संपूनही राहिलेले किंवा देशाबाहेर पाठवले जाणार असलेले लोक तेथे ठेवले जात. पुढे १९९२च्या कायद्याने बोटीतून आलेल्यांना, आणि १९९४ पासून वैध व्हिसा नसलेल्या प्रत्येक परदेशी व्यक्तीला, स्थानबद्ध करणे बंधनकारक झाले. पैसे कोण भरत होते, यावरून या दोन संस्था वेगळ्या ओळखता येतील असे वाटते, पण ती कसोटी फसते. १९९२ पासून २००९ पर्यंत स्थानबद्ध व्यक्तीच्या नावे तिच्या स्थानबद्धतेचाच खर्च मांडला जात होता. खरी कसोटी एकच: त्या माणसाला स्वतःच्या इच्छेने फाटकाबाहेर जाता येत होते की नाही.

हॉस्टेल बंद झाले आणि त्याचेच केंद्र झाले, हे वारंवार ऐकू येणारे विधान अपुरे आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हॉस्टेलला वेस्टब्रिज हे नाव मिळाले होते आणि केंद्र सुरू झाल्यानंतरही ते काही वर्षे चालू होते. १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यानंतर आलेल्या अनेक व्हिएतनामी कुटुंबांचा पहिला मुक्काम तेथे झाला, आणि शेजारच्या कॅब्रामॅटाला आज जे व्हिएतनामी रूप आहे, त्याचे एक महत्त्वाचे कारण या परिसरातील हॉस्टेले आहेत. म्हणजे त्या वर्षांत एकाच आवारात काही माणसे नव्याने स्थिरावत होती आणि काही हद्दपारीची वाट पाहत होती. ‘मी ७९ साली व्हिलावुडला होतो’ असे कोणी सांगितले, तर पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय ते वाक्य नोंदवू नये, असे माझे ठाम मत आहे. चुकीच्या रकान्यात गेलेली ती नोंद त्या माणसावर अन्याय करते.

दस्तऐवजांतही मोठी तफावत आहे. हॉस्टेलच्या काळातील आगमनाच्या नोंदी आणि इमिग्रेशन खात्याने प्रसिद्धीसाठी काढवून घेतलेली छायाचित्रे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत; मात्र त्या छायाचित्रांतील हसरी कुटुंबे सरकारला हवी तशी टिपलेली असल्याने त्यांच्याशेजारी रहिवाशांची साक्ष ठेवलीच पाहिजे. गोऱ्यांखेरीज इतरांना स्थायिक होण्यापासून रोखणाऱ्या ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ धोरणाचे उरलेसुरले अवशेष १९७३ मध्ये हटवले गेले, त्यामुळे आरंभीच्या नोंदींत मराठी काय, एकंदर भारतीय नावे शोधणे बहुधा निष्फळ ठरेल. केंद्राबाबत मात्र वैयक्तिक कागद खुले होत नाहीत, बोलणाऱ्याला आपल्या प्रकरणावर परिणाम होण्याची भीती असते, आणि इतिहासकाराला न्यायालयीन निकाल, मानवी हक्क आयोगाचा २००४चा स्थानबद्ध मुलांविषयीचा अहवाल, एप्रिल २०११च्या जाळपोळीच्या बातम्या अशा सार्वजनिक साधनांवर विसंबावे लागते. मुलाखतीत खरे नाव छापावे का, हा प्रश्न हॉस्टेलच्या वृद्ध रहिवाशाला विचारला तर बहुतेकदा आनंदाने होकार मिळेल. केंद्रात राहिलेल्या माणसाला तो मुलाखतीपूर्वी आणि छपाईपूर्वी, असा दोनदा विचारावा लागतो.