शेतवस्तीचे उत्खनन: घराइतकेच अंगणही महत्त्वाचे

एखादे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या जिथे राहून शेती करत होते, अशा ओसाड वस्तीचे उत्खनन सुरू झाले की पाहणाऱ्यांचे लक्ष साहजिकच घराच्या जोत्याकडे जाते. जोत्यावरून घराचा आकार कळतो, बांधणीची पद्धत कळते. पण त्या घरातील माणसे कशी जगली हे जाणून घ्यायचे असेल, तर भोवतालची मोकळी वाटणारी जागा, म्हणजे अंगण, परसदार, गोठा आणि उकिरडा, माझ्या मते घरापेक्षाही अधिक काळजीने खणली पाहिजे.

राहते घर झाडले जाते आणि ते सोडताना उपयोगाच्या वस्तू बरोबर नेल्या जातात, त्यामुळे घरात फारसे काही उरत नाही. फुटकी भांडी, खाल्लेल्या प्राण्यांची हाडे, वाकलेले खिळे हे सारे बाहेर पडते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनामधील ब्रन्सविक या अठराव्या शतकातील वसाहतीचे उत्खनन करताना स्टॅन्ली साउथ यांना कचरा मुख्यतः घरांच्या दारांलगत साचलेला आढळला. हा नियम सर्वत्र लागू पडतोच असे नाही; तरीही जिथे पायाचे दगडसुद्धा कोणी उचलून नेले आहेत, तिथे खापरांची दाटी पाहून दाराच्या जागेचा अंदाज बांधता येतो. त्यासाठी ठरावीक अंतरावर लहान खड्डे घेऊन त्यांतील माती चाळतात. नांगरटीने वरचा थर उलटापालटा झालेला असला, तरी वस्तू सहसा मूळ जागेपासून फार दूर सरकत नाहीत. म्हणूनच तो थर न तपासता यंत्राने खरवडून टाकणे हे मोठे नुकसान आहे.

जिथे वस्तू सापडत नाहीत, तिथे मातीच साक्ष देते. शेण, मूत्र आणि हाडे यांतील फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट बांधला जातो आणि शतकानुशतके टिकतो. स्वीडनमधील ओलोफ अऱ्हेनियस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेतजमिनींची तपासणी करताना जुन्या वस्त्यांच्या जागी फॉस्फेटचे, म्हणजे फॉस्फरसच्या संयुगांचे, प्रमाण वाढलेले असते हे ओळखले. आज याच पद्धतीने नाहीशा झालेल्या गोठ्याची जागा शोधता येते.

काळ ठरवण्यासाठी अगदी क्षुल्लक वस्तू उपयोगी पडतात. इंग्रजी बनावटीच्या मातीच्या चिलमींच्या नळ्यांचे छिद्र काळानुसार लहान होत गेले, हे पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये मांडले: १६२० ते १६५० या काळात ते बहुधा ८/६४ इंच असे, तर १७५० ते १८०० या काळात ४/६४ इंच. एका तुकड्यावर विसंबता येत नाही. पण एकाच थरातील बरेच तुकडे मोजले, तर त्या काळातील थराचे वय ढोबळमानाने ठरते.

सर्वांत समृद्ध जागा म्हणजे बुजवलेल्या विहिरी आणि शौचखड्डे. ओलाव्यामुळे तिथे हवा पोहोचत नसेल, तर लाकूड, चामडे आणि बियासुद्धा टिकून राहतात. शौचखड्ड्यातील गाळात सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात. जमिनीच्या दस्तऐवजांत बहुधा मालकाचेच नाव असते. पण वस्तीवरच्या स्त्रिया, मुले आणि राबणारे गडी काय खात होते आणि कोणत्या आजारांनी त्रस्त होते, याचा थेट पुरावा या गाळातून मिळतो.