वेबसाइट आणि वेब ॲप्लिकेशन: एकाच खिडकीत उघडणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला वापरणारे लोक सरसकट वेबसाइट म्हणतात, आणि ती बनवणारी मंडळी गेली दहा-बारा वर्षे तिला सरसकट ॲप म्हणू लागली आहेत. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक केवळ शब्दाचा आहे. बनवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या एका शब्दावरून पुढचे सगळे ठरते: पान सर्व्हरवर, म्हणजे पाने पाठवणाऱ्या दूरच्या संगणकावर, तयार होणार की वाचकाच्या फोनवर, लिंक दाबल्यावर काम ब्राउझर करणार की आपण लिहिलेला कोड, आणि नेटवर्क मध्येच तुटले तर वाचकाच्या हाती निदान अर्धे पान उरणार की कोरा पांढरा पडदा. माझे मत असे आहे की आज ॲप्लिकेशन म्हणून बांधल्या जाणाऱ्या बहुतांश गोष्टी मुळात वाचायची पाने आहेत, आणि या गल्लतीची किंमत ती बांधणाऱ्याला नव्हे, तर वाचणाऱ्याला मोजावी लागते.

वेबचा जन्मच पानांसाठी झाला. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत जो प्रस्ताव मांडला, त्याचा हेतू विखुरलेली माहिती एकमेकींना जोडणे हा होता. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता आणि एका पानातून दुसऱ्या पानाकडे नेणारी लिंक, एवढीच त्यातली मध्यवर्ती कल्पना होती. त्या काळी लिहिलेले पहिले पान आजच्या ब्राउझरमध्येही विनातक्रार उघडते. याचे कारण एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात तिच्या, स्वभावात आहे. ब्राउझरला एखादा टॅग, म्हणजे मजकुराभोवतीची रचनेची खूण, ओळखता आला नाही तर तो टॅग बाजूला ठेवून आतला मजकूर दाखवतो, एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी सांभाळून घेतो, आणि संपूर्ण फाइल येण्याची वाट न पाहता जेवढी आली तेवढी रंगवायला लागतो. ब्राउझरमध्ये चालणारा कोड ज्या भाषेत लिहितात, त्या जावास्क्रिप्टचा स्वभाव याच्या उलट आहे: एका ओळीत व्याकरणाची चूक असली तर ती अख्खी फाइल चालतच नाही.

ॲप्लिकेशनची गोष्ट नंतर सुरू होते. जावास्क्रिप्ट 1995 मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तयार केली, आणि पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. तिचे खरे सामर्थ्य लोकांना दिसले ते 2004 मध्ये जीमेलमुळे आणि फेब्रुवारी 2005 मध्ये गूगल मॅप्समुळे. त्याच महिन्यात या पद्धतीला एजॅक्स हे नावही मिळाले. नकाशा बोटाने ओढला की त्याने त्याच क्षणी सरकले पाहिजे, आणि प्रत्येक सरकण्याला नवे पान मागवणे तिथे शक्यच नाही. पुढे फिग्मासारखे चित्ररचनेचे साधन थेट ब्राउझरमध्ये आले, तेव्हा तर ब्राउझर हे नुसते चालवण्याचे ठिकाण उरले. अशा साधनांना कोणी पान म्हणणार नाही, आणि ती पानासारखी बांधावीत असा माझा आग्रहही नाही.

मग दोहोंमधली रेषा नेमकी कुठे आहे? पुष्कळ जण ती परस्परसंवादावर ओढतात: लॉगिन असले, फॉर्म असला, शोधण्याची सोय असली, की ते ॲप. ही कसोटी मला चुकीची वाटते. फॉर्म वेबमध्ये जावास्क्रिप्टच्या आधीपासून आहेत. विकिपीडियावर लॉगिन आहे, शोध आहे, कोणालाही मजकूर बदलता येतो. तरीही तिथला लेख हे पानच आहे, जे सर्व्हरवर तयार होऊन वाचकाकडे पूर्ण स्वरूपात येते. माझी कसोटी वेगळी आहे. वापरणाऱ्याचे अर्धवट झालेले काम कुठे राहते, हे पाहावे. ते काम मुख्यतः ब्राउझरच्या स्मृतीत असेल, दर सेकंदाला बदलत असेल, आणि पान अचानक रिफ्रेश झाले तर तो माणूस कळवळणार असेल, तर ते ॲप्लिकेशन आहे. रिफ्रेश केल्यावर तीच गोष्ट पुन्हा जशीच्या तशी समोर येणार असेल, तर ते पान आहे, मग त्याची सजावट कितीही झगमगीत असो.

ही गल्लत झाली की काय होते, ते एका साध्या लिंकवर बारकाईने पाहता येते. साध्या पानातली लिंक दाबली की ब्राउझर नव्या पत्त्याची मागणी पाठवतो, काहीतरी चालू असल्याची खूण दाखवतो, थांबवायचे असेल तर थांबू देतो, पत्त्याच्या पट्टीत नवा पत्ता लिहितो, इतिहासात नोंद करतो, पान वरून दाखवतो, आणि दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडर वापरत असेल तर नव्या पानाचे शीर्षक तिला ऐकू येते. मागे गेल्यावर वाचक आधी जिथपर्यंत वाचत आला होता तिथेच पुन्हा पोहोचतो. लिंक नव्या टॅबमध्ये उघडता येते, तिचा पत्ता कॉपी करता येतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी डेव्हलपरला एक ओळही लिहावी लागत नाही.

आता तेच पान एकपानी ॲप्लिकेशन म्हणून बांधलेले असेल तर काय होते ते पाहावे. लिंक दाबल्यावर कोड सर्वांत आधी ब्राउझरला त्याचे नेहमीचे काम करण्यापासून रोखतो. मग तो सर्व्हरकडून जेसनच्या, म्हणजे सजावटीविना नुसत्या डेटाच्या, रूपात माहिती मागवतो, ती आल्यावर पानाचा मधला भाग काढून नवा बसवतो, पत्त्याची पट्टी स्वतः बदलतो, आणि इतिहासात स्वतः नोंद घालतो. शीर्षक बदलायचे लक्षात राहिले तर ते बदलते. कीबोर्डचा फोकस, म्हणजे दाबलेली कळ जिथे लागू होते ती जागा, कुठे न्यायचा याचा विचार झालेला नसेल, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला काही घडले आहे हेच कळत नाही. मागे गेल्यावर यादी पुन्हा अगदी वरून सुरू होते, कारण वाचक कुठे होता हे टिपून ठेवायचे राहिलेले असते. नेटवर्कने दगा दिला तर फिरणारे चक्र फिरतच राहते, कारण त्या प्रसंगाचा कोड कोणी लिहिलेलाच नसतो. ज्यात लिंकच्या जागी क्लिक ऐकणारा एखादा डिव्ह, म्हणजे पानावरचा नुसता कप्पा, ठेवला आहे, अशी पाने मी अनेकदा तपासली आहेत. तिथे तर नवा टॅबही उघडत नाही आणि कीबोर्डने तिथवर पोहोचताही येत नाही. ब्राउझर जे फुकट देत होता, ते नाकारून त्याची अपुरी नक्कल नव्याने लिहायची, असा हा व्यवहार आहे.

मोठ्या कंपन्यांनाही याची झळ बसली आहे. 7 फेब्रुवारी 2011 रोजी गॉकर या अमेरिकी ऑनलाइन प्रकाशन समूहाची सर्व संकेतस्थळे नव्या रचनेनंतर कोरी पडली, कारण लेखाचा मजकूर जावास्क्रिप्टनेच आणायचा होता आणि ती जावास्क्रिप्टच चालली नाही. ट्विटरने (आताचे एक्स) 2010 मध्ये पाने रंगवण्याचे काम ब्राउझरकडे सोपवले आणि 2012 मध्ये ते पुन्हा सर्व्हरकडे आणले. त्यानंतर पान पहिल्यांदा उघडण्याचा वेळ आधीच्या एक-पंचमांशावर आल्याचे कंपनीनेच सांगितले. त्याच ट्विटरने 2019 मध्ये रिॲक्ट या जावास्क्रिप्टच्या तयार कोडसंग्रहावर आधारलेली नवी रचना आणली, हेही इथे सांगितले पाहिजे. सतत येणाऱ्या सूचना आणि हलती यादी पाहता त्या ठिकाणी हा निर्णय समर्थनीय ठरू शकतो. एकच ट्वीट वाचायला बाहेरून आलेल्या माणसासाठी तो तितकासा समर्थनीय नाही.

खर्चाचा हिशेबही नीट मांडला जात नाही. दोनशे किलोबाइटचे छायाचित्र आणि दोनशे किलोबाइटची जावास्क्रिप्ट यांना तारेवरून यायला सारखाच वेळ लागतो, पण पोहोचल्यानंतर त्यांची तुलना होऊ शकत नाही. छायाचित्र उलगडून दाखवले की काम संपते. जावास्क्रिप्ट आधी उलगडायची, मग वाचायची, कंपाइल करायची म्हणजे यंत्राला कळेल अशा रूपात आणायची, आणि शेवटी चालवायची; तेही बव्हंशी ज्या मुख्य थ्रेडवर (कामांच्या एकाच रांगेत) वाचकाचा स्पर्श आणि स्क्रोल सांभाळला जातो त्याच थ्रेडवर. डेव्हलपरच्या टेबलावरच्या नव्या लॅपटॉपला हे जाणवत नाही. जुन्या, स्वस्त फोनला ते प्रत्येक क्लिकला जाणवते, आणि तो फोन ज्याच्या हातात आहे त्याचे मत डिझाइनच्या बैठकीत कोणी विचारत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

यावर उपाय म्हणून जो मार्ग रूढ झाला आहे, त्याला हायड्रेशन म्हणतात. पान आधी सर्व्हरवर तयार करून पाठवायचे, आणि मग तेच पान पुन्हा उभे करणारा कोड व त्याला लागणारी माहिती मागोमाग पाठवून त्या एचटीएमएलला क्लिक ऐकायला शिकवायचे. पहिले दर्शन लवकर होते, हे खरे. पण त्यात तोच मजकूर अनेकदा दोनदा येतो, एकदा एचटीएमएल म्हणून आणि एकदा डेटा म्हणून. आणि मधल्या काळात वाचकाला बटणे दिसतात, तो ती दाबतो, पण काहीच होत नाही. अडचण मुळातली न सोडवता तिच्यावर आणखी एक थर चढवला जातो, आणि त्या थरासाठी नवे फ्रेमवर्क, म्हणजे कोडचा तयार सांगाडा, शिकावे लागते.

इतके असूनही ही पद्धत का पसरली, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा आपल्या व्यवसायाच्या सवयींमध्ये अधिक सापडते. रिॲक्ट फेसबुकने मे 2013 मध्ये सर्वांसाठी खुली केली. ती ज्या गरजेतून आली ती गरज खरी होती: एकाच पडद्यावर सतत बदलणारे अनेक भाग एकमेकांशी जुळते ठेवायचे होते. ज्या कार्यालयाला आपल्या सेवांची माहिती आणि संपर्काचा फॉर्म एवढेच दाखवायचे आहे, त्याची ही गरज नाही. पण नोकरीच्या जाहिरातीत रिॲक्टचा अनुभव मागितला जातो, म्हणून शिकवणारे रिॲक्टपासून सुरुवात करतात, म्हणून नव्या डेव्हलपरला फॉर्म सर्व्हरकडे नुसता पाठवता येतो हेच ठाऊक नसते, आणि त्यामुळे पुढचा प्रकल्पही त्याच साच्यात बसवला जातो. यात कोणा एकाचा दोष नाही. मी स्वतः एका छोट्या माहितीच्या संकेतस्थळाला अशी बांधणी सुचवली होती, आणि त्यामागे वाचकांची गरज कमी व माझी शिकण्याची इच्छा जास्त होती, हे मला आज मान्य आहे.

एकपानी बांधणीच्या बाजूने दिले जाणारे एक कारण पूर्वी दमदार होते: पानांमधले बदल अंगावर येत नाहीत, सगळे सलग वाटते. आता ते कारणही लंगडे पडले आहे. मागे गेल्यावर पान स्मृतीतून जसेच्या तसे उभे करण्याची सोय प्रमुख ब्राउझरांत आली आहे, आणि 2024 मध्ये क्रोमने दोन स्वतंत्र पानांमधल्या स्थित्यंतराचे ॲनिमेशन केवळ सीएसएसने, म्हणजे पानाच्या सजावटीच्या भाषेने, करण्याची सोय दिली. ज्या ब्राउझरला ती सोय कळत नाही, तो ॲनिमेशनशिवाय पान उघडतो. वाचकाचे काही अडत नाही.

राहता राहिला प्रश्न मिश्र स्वरूपाच्या ठिकाणांचा, आणि प्रत्यक्ष कामात बहुतेक ठिकाणे तशीच असतात. प्रवासाच्या तिकिटाचे उदाहरण घ्यावे. वेळापत्रक, भाडे आणि नियम ही पाने आहेत. आसन निवडण्याचा आराखडा हा खरोखर ॲप्लिकेशनचा तुकडा आहे: तिथे दुसऱ्याने घेतलेले आसन आपल्याला तत्काळ बंद दिसले पाहिजे, आणि आपण निवडलेली आसने पैसे भरेपर्यंत टिकली पाहिजेत. तेवढ्या आराखड्यासाठी हवी तेवढी जावास्क्रिप्ट लिहावी आणि ती त्याच पानावर पाठवावी. प्रवाशाचे नाव आणि वय विचारणारा भाग साधा फॉर्म आहे, जो मध्येच चूक झाली तरी भरलेला मजकूर न गमावता परत दाखवता येतो. आणि शेवटी मिळणारे तिकीट पुन्हा पान आहे, काही ओळींचा मजकूर आणि एक क्यूआर कोड, जे गाडी सुटायच्या वेळी, गर्दीत, नेटवर्कची एकच दांडी दिसत असताना उघडले पाहिजे.