सुळक्यावरचं एकुलतं झुडूप

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटापासून आग्नेयेला वीसेक किलोमीटरवर, भर समुद्रात एक काळा सुळका उभा आहे. उंची साडेपाचशे मीटरहून जास्त, पायथ्याची रुंदी मात्र जेमतेम तीनशे मीटर. 1788 मध्ये तो नजरेस पडला तो ब्रिटिश नौदलातल्या हेन्री लिजबर्ड बॉल यांच्या, म्हणून नाव ‘बॉल्स पिरॅमिड’. पिरॅमिड कसला, करवतीचं तुटकं पातं वाटतं ते!

साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी इथे मोठा ज्वालामुखी होता. थरावर थर साचलेला त्याचा बेसाल्ट लाटांनी चहूबाजूंनी कुरतडला. पाण्याखाली सुमारे पन्नास मीटरवर त्याचा बुंधा अजून पठारासारखा पसरलेला आहे. वर उरला तो एवढाच सुळका. 1965 पर्यंत कुणालाही त्याचा माथा गाठता आला नव्हता.

अशा कातळावर जगणार कोण?

लॉर्ड हाउवर पूर्वी हाताच्या पंज्याएवढा, बिनपंखी, काळपट काडीकिडा असायचा. मासेमार त्याला गळाला लावत. 1918 मध्ये ‘मकांबो’ नावाचं जहाज तिथे खडकावर चढलं, त्यातून उंदीर किनाऱ्यावर उतरले आणि काही वर्षांतच किडा संपला. पण 1964 मध्ये सुळक्यावर गेलेल्या गिर्यारोहकांना त्याच किड्याचं कलेवर सापडलं. मग 2001 मध्ये शास्त्रज्ञ तिथे चढले. दिवसा हाती लागली ती फक्त ताजी विष्ठा, एका झुडपाखाली. किडा निशाचर, म्हणून अंधारात, टॉर्च घेऊन पुन्हा तोच कडा चढावा लागला. पानांवर तो बसलेला होता, जिवंत!

पुढच्या वर्षीच्या मोजणीत भरले अवघे 24. त्यांचा संसार त्या झुडपाभोवतीच. कातळाच्या भेगेतून पाणी झिरपत होतं, त्यावर झुडूप तगलं. त्याचा पालापाचोळा कपारीत साचून माती झाली आणि दिवसा दडायला किड्यांना जागा मिळाली. उंदीर मात्र इथवर कधी पोहोचलेच नाहीत.

2003 मध्ये दोन जोड्या खाली आणल्या. त्यांतली एक मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात वाढली, पुढे अंडी हजारोंनी उबली. तरी शंका होतीच, कारण हे किडे लॉर्ड हाउवरून पूर्वी गोळा करून वस्तुसंग्रहालयात जपलेल्या नमुन्यांहून जरा वेगळे दिसत. 2017 मध्ये डीएनए ताडून पाहिला: फरक एक टक्क्याच्याही आत. किडा तोच.