डीजे स्टेंटवर साचणारे क्षार : नमुने पाठवण्यापूर्वी वाचा

डीजे स्टेंट म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी वाहती राहावी म्हणून मूत्रवाहिनीत बसवलेली, दोन्ही टोकांना वळलेली बारीक नळी. तिच्यावर लघवीतले क्षार धरतात. थर वाढला की नळी बुजते, काढताना अडकते. तुमच्या पॉलिमरवर किंवा नव्या लेपावर हा थर किती धरतो, ते आम्ही कृत्रिम लघवीत तपासतो. तुलनेसाठी शेजारीच, बाजारात मिळणारी एखादी प्रचलित नळी त्याच द्रावणात, तेवढेच दिवस ठेवलेली असते. तिच्याशिवाय नुसता आकडा आम्ही देत नाही. त्यावरून काहीच ठरत नाही.

नमुने निर्जंतुक केलेले, सीलबंद पाकिटातलेच हवेत. निर्जंतुक करताना इथिलीन ऑक्साइड वायूने किंवा गॅमा किरणांनी पृष्ठभाग बदलू शकतो; निर्जंतुक न केलेल्या नळीचा निकाल तयार मालाला लागू पडेलच असे नाही. तीन वेगवेगळ्या लॉटमधली (उत्पादनाच्या खेपांमधली) एकेक नळी पुरते. ६ फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप) म्हणजे बाहेरचा व्यास २ मि.मी.; २० मि.मी.च्या तुकड्याचा बाहेरचा पृष्ठभाग सुमारे १.२६ चौ.सें.मी. भरतो. कापलेल्या टोकाला लेप नसतो आणि थर आधी तिथेच धरतो, म्हणून दोन्ही टोके सिलिकॉनने बंद करतो. तुकडे उभे टांगतो. आडवे ठेवले तर द्रावणातला साका वरून बसतो आणि तोच थर म्हणून मोजला जातो.

एक लिटर द्रावणात युरिया २५ ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २.८ ग्रॅम, कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइड (स्फटिकजलासह) प्रत्येकी ०.६५ ग्रॅम, सोडियम ऑक्झॅलेट ०.०२ ग्रॅम, शिवाय मीठ, सायट्रेट वगैरे. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा भाग वेगळा ठेवून वापरताना मिसळतो. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करत नाही, कारण उष्णतेने युरिया फुटून अमोनिया सुटतो. गाळूनच निर्जंतुक करतो. तापमान ३७ अंश, द्रावण रोज बदलायचे. जंतुसंसर्गाची स्थिती हवी असल्यास युरिएज (युरिया फोडणारे जंतूंचे विकर) घालतो : पीएच चढतो आणि स्ट्रुव्हाइट (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेट) व अ‍ॅपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेट) पडतात.

बहुतेक चुका यानंतर होतात. नमुना ६० अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवला की स्ट्रुव्हाइटमधले पाणी आणि अमोनिया उडून जातात, मग एक्स-रे विवर्तनात (स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) तो दिसतच नाही. आम्ही ३७ अंशांवर वाळवतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्ये त्यांच्या एक्स-रे रेषांवरून ओळखतो; त्यासाठी नमुन्यावर सोन्याचा लेप दिला तर सोन्याची रेषा (२.१२ केईव्ही, म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) फॉस्फरसच्या रेषेला (२.०१) झाकते, म्हणून कार्बन वापरतो. बेरियम आणि गंधक दिसले तर दचकू नका. एक्स-रेत नळी दिसावी म्हणून तिच्यातच बेरियम सल्फेट मिसळलेले असते.

थराच्या वजनावर आम्ही विसंबत नाही, कारण नळीचे पॉलियुरेथेन पाणी शोषते. थर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस मोजतो आणि दर चौ.सें.मी.ला मायक्रोग्रॅममध्ये देतो. बेरियम सल्फेट या आम्लात जवळजवळ विरघळत नाही, तेवढी सोय. कॅल्शियम-फॉस्फरसचे मोलर गुणोत्तर १.६७ च्या आसपास असेल तर अ‍ॅपेटाइटची शक्यता. कॅल्शियम त्याहून बरेच जास्त निघाले तर कॅल्शियम ऑक्झॅलेट शोधतो.

ही जैवसुसंगततेची (नळी शरीराला अपाय करत नाही ना, याची) चाचणी नव्हे, आणि रुग्णाच्या शरीरात नळी किती महिने टिकेल हेही तिच्यातून निघत नाही.