साहेबांच्या रक्तातलं पाणी

पहाटे साडेपाचला सोलापूरच्या पार्क मैदानावर गेलात तर भरतीची पोरं पळताना दिसतील. कुणाचं लक्ष पोलीस भरतीच्या १६०० मीटरवर, कुणाचं अग्निवीरवर. आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदार त्यांना फुकट शिकवतात. गेल्या आठवड्यात राउंड संपवून धापा टाकत बसलेल्या एका मुलानं त्यांना विचारलं, "काका, मोठा साहेब झाल्यावर पीटी माफ असती का?"

काका उत्तर देणार तेवढ्यात बाजूला फिरायला आलेले दुसरे एक माजी सैनिक म्हणाले, "साहेबाचं काम डोक्याचं. पन्नाशीच्या माणसानं विशीतल्या पोरांबरोबर कशाला फॉलइन व्हायचं? आणि फौजेत एकदा कमावलेलं शरीर जन्मभर पुरतं."

मी अनेक वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे, त्यामुळे शेवटचं वाक्य मला झोपू देईना. कमावलेलं शरीर जन्मभर पुरत नाही. त्यातला एक भाग तर दोन आठवडेसुद्धा पुरत नाही, आणि हुद्द्याचा प्रश्न नेमका तिथेच सुटतो.

तो भाग म्हणजे रक्तातलं पाणी. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग पिवळसर, पातळ रक्तद्रवाचा. तुम्ही दमछाक होईपर्यंत पळता तेव्हा शरीराला पाण्याची ओढ जाणवते. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, मिठाबरोबर पाणी थांबतं. त्याच वेळी रक्तद्रवातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन वाढतं. हे अल्ब्युमिन स्पंजासारखं काम करतं, एक ग्रॅम अल्ब्युमिन सुमारे १८ मिलिलिटर पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवतं. कठीण व्यायामानंतर एक-दोन दिवसांतच रक्तद्रव वाढू लागतो. स्नायू दिसायला महिने लागतात, पण हा बदल त्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

आता हृदयाकडे या. हृदयाचा स्नायू जितका ताणून भरतो, तितक्या जोरानं तो आवळतो. फ्रँक आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांच्या नावानं हा नियम ओळखला जातो. रक्त जास्त, म्हणजे परत येणारं रक्त जास्त, म्हणजे हृदय जास्त भरतं आणि एका ठोक्याला जास्त रक्त बाहेर फेकतं. हिशेब करून पाहा. पळताना मिनिटाला २० लिटर रक्त लागतंय असं धरा. ठोक्याला १३० मिलिलिटर जात असेल तर १५४ ठोके पुरतात. तेच ११४ मिलिलिटरवर आलं तर १७५ ठोके लागतात. वेग तोच, रस्ता तोच, पण दुसऱ्या माणसाचं हृदय त्याच्या मर्यादेच्या जवळ जाऊन धडधडतं.

मी १३० वरून ११४ हा आकडा उगाच घेतलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड कॉईल आणि सहकाऱ्यांनी कसलेल्या धावपटूंचा आणि सायकलपटूंचा सराव थांबवला. दोन ते चार आठवड्यांत त्यांचं रक्ताचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी घटलं आणि ठोक्यामागचं रक्त सुमारे १२ टक्क्यांनी. मग त्यांनी एक फार सुंदर गोष्ट केली. शिरेतून डेक्स्ट्रान या रक्तात पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाचं द्रावण देऊन रक्ताचं आकारमान पुन्हा पहिल्याइतकं केलं. स्नायू तेच, हृदय तेच, एका पावलाचाही सराव नाही. तरी ठोक्यामागचं रक्त जवळजवळ पहिल्यासारखं झालं. सुरुवातीला जे हरवतं ते मुख्यतः पाणीच, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही. त्याच गटाच्या १९८४ च्या प्रयोगात सराव सोडल्यावर २१ दिवसांत ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घसरली होती.

यातल्या कुठल्याही पायरीवर खांद्यावरच्या फीतीला किंवा ताऱ्यांना जागा नाही.

सोलापुरात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. उन्हात पळताना रक्ताला दोन गिऱ्हाइकं असतात. स्नायूंना ऑक्सिजन हवा, कातडीला उष्णता बाहेर टाकायला रक्त हवं. रक्तद्रव भरपूर असेल तर दोघांचं भागतं. कमी असेल तर कातडीचा वाटा कापला जातो आणि आतलं तापमान चढत राहतं. उन्हाची सवय व्हायला रोजच्या सरावानं एक ते दोन आठवडे लागतात, आणि सराव सुटला की काही आठवड्यांत ती जाते. पीटीतून सूट घेतलेला वरिष्ठ महिनाभर एसी ऑफिसात बसतो, आणि तपासणीच्या दिवशी इभ्रतीपायी सगळ्यांच्या पुढे पळतो. मैदानावर सर्वांत जास्त धोका त्यालाच. त्याच्याकडे जिद्द आहे, रक्तद्रव नाही, आणि 'साहेब, थांबा' म्हणायची कुणाची हिंमत नाही.

इथे थोडं पोटतिडकीनं सांगतो. उन्हात पळणारा मुलगा अडखळला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला दृष्ट लागलेली नसते. लिंबू उतरवण्यात गेलेलं प्रत्येक मिनिट मेंदूला महाग पडतं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांपुढे गेलेलं असू शकतं. सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल त्या गार पाण्यानं सगळं अंग भिजवत राहा, १०८ ला फोन करा. आणि भरतीच्या पोरांना 'स्टॅमिना पावडर' विकणाऱ्यांपासून लांब ठेवा. पाणी, मीठ आणि रोजचा सराव मिळून जे करतात ते डब्यातून मिळत नाही.

मग वयाचं काय? १९६६ साली अमेरिकेत डलासमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयानं त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा जास्त विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणानं केलं होतं. पुढे सहा महिन्यांच्या व्यायामानं वयामुळे आलेली घट भरूनही निघाली. वय खरं आहे, त्याला सवलत द्यावी. आपल्या लष्कराच्या बीपीईटी या शारीरिक क्षमतेच्या चाचणीतही पाच किलोमीटरच्या धावेला वयानुसार वेळ वाढवून मिळत असे. आजारी, जखमी माणसाला डॉक्टरनं लिहून दिलेली पीटी एक्सक्यूज मिळालीच पाहिजे. पण ही सूट शरीर पाहून दिलेली असते, हुद्दा पाहून नाही.

राहिला प्रश्न साहेबांनी एकटं का पळू नये याचा. रक्तद्रवाला एकटं पळालेलं चालतं, हे मी मान्य करतो. ऑक्सफर्डच्या बारा नावाड्यांवर झालेल्या प्रयोगात मात्र एकत्र, एका तालात वल्ही मारल्यावर वेदना सोसण्याची ताकद एकट्यापेक्षा जास्त वाढलेली दिसली, मेहनत तेवढीच असताना. प्रयोग लहान आहे, त्यावर मी फार भार टाकणार नाही. मला पटतं ते सुभेदार काकांचं कारण. "आज हवा दमट आहे, पोरं कालच्यापेक्षा लवकर गळतायत, हे ऑफिसात कळत नाही," ते म्हणाले. "रांगेत पळणाऱ्या साहेबाला तिसऱ्या राउंडलाच कळतं. मग तो पीटी थांबवतो."

काकांकडे एक वही आहे. लग्नसराईत तीन आठवडे गावाला जाऊन आलेल्या एका मुलाची नाडी त्यांनी त्या दिवशी माझ्यासमोर मोजली. मनगटावर दोन बोटं, पंधरा सेकंद, गुणिले चार. जाण्याआधी त्याच वेगाच्या चार राउंडनंतर १४८, आता १६८. पोरगा ओशाळला. काकांनी आकडा लिहिला आणि त्याला मागच्या रांगेत उभं केलं, दहा दिवसांसाठी. सुट्टीवरून आलेल्या प्रत्येकाला ते हेच करतात. परवा त्या रांगेत एक मेजर साहेबही होते, बदलीच्या मधल्या रजेवर सोलापूरला आलेले. काकांनी त्यांना कडक सलाम ठोकला, नाडी मोजली, १६४ लिहिली, आणि त्या पोराच्या शेजारी जागा दाखवली.