कावीळ होईपर्यंत थांबायचं नाही: स्वादुपिंडाचा कर्करोग आणि सीमाभागातले फॅमिली डॉक्टर

स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दवाखान्यांत दोन समजुती पक्क्या आहेत. एक म्हणजे हा आजार न दुखणाऱ्या काविळीने कळतो. दुसरी, कळला तरी हातात काही राहत नाही. दोन्हींना जुना आधार आहे.

१८९० मध्ये बाझेलचे सर्जन कूर्व्हाझिए यांनी दाखवून दिलं, की काविळीच्या रुग्णाचं पित्ताशय हाताला लागत असेल तर कारण बहुधा खडा नसतो, पित्ताची वाट अडवणारी गाठ असू शकते. खड्यांनी वर्षानुवर्षं सुजून पित्ताशय आकसतं, ते सहसा फुगत नाही. हे निरीक्षण आजही उपयोगाचं आहे. पण विद्यार्थ्यांच्या डोक्यात राहिली ती फक्त कावीळ. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यातून, म्हणजे उजवीकडच्या रुंद टोकातून जाते, म्हणून तिथली गाठ लवकर पिवळेपणा आणते. मधल्या भागातली किंवा शेपटाकडची गाठ कावीळ न करता महिनोन्महिने वाढू शकते.

दुसरी समजूत ऑपरेशनमुळे रुजली. न्यूयॉर्कचे सर्जन व्हिपल यांनी १९३५ मध्ये स्वादुपिंडाचं डोकं गाठीसकट काढण्याची आपली शस्त्रक्रिया मांडली, पण १९६० च्या दशकातही तिच्यात चारातला एक रुग्ण दगावत असे. १९७० मध्ये क्राइल या अमेरिकन सर्जननी तर गाठ काढण्यापेक्षा बायपास, म्हणजे अडलेल्या पित्ताला दुसरी वाट काढून देणं बरं, असं लिहिलं. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांनी निराशेने हात टेकले, यात त्यांची चूक नव्हती. आज अनुभवी केंद्रांत हे मृत्यू ५ टक्क्यांच्या आत आहेत. तरी निदानाच्या वेळी ऑपरेशनजोगे असतात जेमतेम १५ ते २० टक्के. बाकीच्यांत गाठीने मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढलेलं असतं किंवा ती यकृतात पोचलेली असते.

आपल्याकडे त्यात आणखी आठवडे जातात. कावीळ झाली की आधी माळ, मग झाडपाल्याचं औषध, मग पथ्य. संसर्गाची कावीळ आपोआप उतरते, त्यामुळे त्या औषधाला यश मिळतं आणि पुढचा रुग्णही तिकडेच जातो. अंगाला खाज, मातकट पांढरी शौच आणि हळदीसारखी लघवी एकत्र दिसली तर पित्ताची वाट अडली आहे, हे ओळखावं. निपाणी पट्ट्यात तंबाखूचा इतिहास नक्की विचारावा. विडी तर आहेच; मिश्री, तपकीर बायका आपणहून सांगत नाहीत, आणि धूरविरहित तंबाखूचाही या कर्करोगाशी संबंध सिद्ध आहे.

कावीळ नसलेला रुग्ण काय सांगतो? ‘जेवण जाईना.’ ‘पोटातनं पाठीत कळ जाते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं.’ ‘पट्ट्याला नवीन भोक पाडलं.’ त्याला पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी मिळते, मग गोळ्यांची दुसरी पट्टी, मग तिसरी. डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१५ मध्ये सरळ सांगितलं: वय ६० च्या पुढे, वजन घटतंय, जोडीला पोटदुखी, पाठदुखी, मळमळ, जुलाब, बद्धकोष्ठता किंवा नवा मधुमेह यांतलं एक काही असेल, तर दोन आठवड्यांत सीटी. नव्या मधुमेहाचं महत्त्व अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २००५ च्या अभ्यासाने ठळक केलं. पन्नाशीनंतर मधुमेह झालेल्या दर १२० जणांत साधारण एकाला तीन वर्षांत हा कर्करोग निघाला. सगळ्यांचा सीटी काढायला हे प्रमाण कमी आहे. पण साखर वाढतेय, घरात कोणाला मधुमेह नाही आणि वजन झपाट्याने उतरतंय, अशा माणसाला नुसती गोळी देऊन पाठवू नये.

सर्वांत जास्त घात सोनोग्राफीच्या रिपोर्टात होतो. ‘वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही’ ही ओळ नॉर्मल म्हणून वाचली जाते. तिचा अर्थ एवढाच, की तपासणी झालेली नाही. सीए १९-९ या रक्तात मोजल्या जाणाऱ्या कर्करोग-खुणेवरही भिस्त ठेवू नये: कावीळ असताना ते कर्करोगाशिवायही चढतं, आणि काही जणांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही.

सीटी मागताना चिठ्ठीवर ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल’ असं लिहावं. त्यात शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) दिल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी आणि पुन्हा ७० सेकंदांच्या सुमारास, असे दोनदा पातळ छेद घेतात. साध्या सीटीत छोटी गाठ सुटते. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, पाहावं. ताप किंवा जंतुसंसर्ग नसेल तर स्टेंट (अडलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी) सीटीनंतरच, कारण स्टेंटनंतरच्या सुजेत गाठीची कड कळत नाही. आणि रुग्ण मिरजेला जावो की बेंगळुरूला, फिल्मबरोबर सीडी द्यायला सांगावं. नुसत्या फिल्मवर सर्जनला रक्तवाहिन्या नीट पाहता येत नाहीत, मग सीटी पुन्हा काढावा लागतो.