गावोगावची पायली आणि गुरुत्वाकर्षण

यवतमाळकडच्या आमच्या घरी आजीची लोखंडी पायली अजून आहे. काठाला एके जागी पोचा पडलाय; तूर मोजताना आजी तिथे बोट लावून वरचे दाणे सारखे करायची. शेजारच्या गावची पायली जरा मोठी, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिथे तूर, ज्वारी, सालदाराचं धान्य सगळं त्याच पायलीनं मोजलं जाई, म्हणून गावातल्या गावात कुणाचंच नुकसान नव्हतं. माप बदललं तरी हिशेब तोच. भौतिकशास्त्रात याला सममिती म्हणतात.

1918 मध्ये जर्मन गणितज्ञ हर्मन वाइल यांनी ही सममिती गुरुत्वाकर्षणात आणली. विश्वात जागोजागी वेगळी पायली असू द्या, नियम मात्र तेच राहोत! आइनस्टाइन यांना कल्पना फार आवडली, पण त्यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. वाइल यांच्या मांडणीत माप कोणत्या वाटेनं आलं, यावर त्याचा आकार ठरे. मग वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या हायड्रोजनच्या दोन अणूंच्या वर्णरेषा, म्हणजे त्यांच्या प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा, वेगळ्या दिसायला हव्यात. तशा त्या दिसत नाहीत.

1964 मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी वेगळी वाट धरली. कणाचं वस्तुमान त्याचं एकट्याचं नाही, विश्वातल्या बाकी सगळ्या कणांमुळे त्याला ते मिळतं. मूळ विचार ऑस्ट्रियाचे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांचा. माप वाढलं की वस्तुमान त्याच प्रमाणात घटतं, म्हणून हिशेब जुळलेलाच राहतो. वस्तुमान सगळीकडे सारखं येईल असं माप निवडलं, की आइनस्टाइन यांचीच समीकरणं हाती येतात. मला सगळ्यात भावतं ते हे, की गुरुत्वाकर्षण ओढणारंच का, ढकलणारं का नाही, याचं उत्तर या सिद्धांतात आपसूक निघतं.

अडचण मोठी होती. प्रसरणाऱ्या विश्वात सगळ्या कणांकडून मिळणाऱ्या वस्तुमानाची बेरीज मांडली तर वस्तुमान अनंत येतं, असं 1965 मध्ये तरुण स्टीफन हॉकिंग यांनी दाखवलं. बहुतेक शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत स्वीकारला नाही.

तरी त्यातलं एक चित्र मनातून जात नाही. नारळीकरांनी दाखवलं, की विश्व पसरतंय असं न मानता, कणांचं वस्तुमान काळाबरोबर वाढतंय असं मानूनही तोच हिशेब मांडता येतो. इलेक्ट्रॉन हलका असताना अणू आकारानं मोठा असतो आणि त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त, म्हणजे रंग लालकडे झुकलेला असतो. दूरच्या दीर्घिकेतून आज पोचणारा प्रकाश अशा जुन्या, मोठ्या अणूंनी सोडलेला आहे, म्हणून त्याच्या वर्णरेषा लाल बाजूला सरकलेल्या दिसतात.